दुसरी केबल आहे, पण पहिली गेल्याचं स्विचला कळतं का?

नेटवर्क स्विच म्हणजे अनेक उपकरणं केबलने एकमेकांशी जोडणारी पेटी. तिच्या बहुतेक पोर्टांना, म्हणजे केबल लावायच्या जागांना, कॉम्प्युटर, कॅमेरे, फोन, वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट अशी उपकरणं जोडलेली असतात. एखाद-दुसरा पोर्ट मात्र वरच्या, मोठ्या स्विचकडे किंवा राउटरकडे जातो. ती अपलिंक. ४८ पोर्टांच्या स्विचची अपलिंक तुटली की ४८ उपकरणं एका क्षणात उरलेल्या जगापासून तुटतात. ती आपापसांत बोलू शकतात, पण सर्व्हर, इंटरनेट, बाहेरचे फोन सगळं बंद. म्हणून दुसरी अपलिंक टाकायची आणि पहिली पडली तर काम आपोआप दुसरीवर जावं अशी व्यवस्था करायची. यालाच फेलओव्हर म्हणतात.

दुसरी केबल टाकणं हे यातलं सर्वांत सोपं काम. खरा प्रश्न असा की पहिली केबल निकामी झाली हे स्विचला कळणार कसं, किती वेळात, आणि ज्यांना कळायला हवं त्या बाकीच्या उपकरणांपर्यंत ती बातमी पोहोचणार का. फेलओव्हर फसल्याच्या बहुतेक घटनांच्या मुळाशी हेच असतं: दुसरा रस्ता तयार होता, पण पहिला बंद पडल्याची खबरच कुणाला नव्हती. पुढचं सगळं वाचताना हा प्रश्न मनात धरून ठेवा.

नुसत्या दोन केबल जोडल्या तर

आधी हे का करू नये ते पाहू. दोन स्विचमध्ये कोणतंही कॉन्फिगरेशन न करता दोन केबल लावल्या की लूप तयार होतो. एखादा कॉम्प्युटर सगळ्यांना उद्देशून ब्रॉडकास्ट फ्रेम (माहितीचा एक तुकडा) पाठवतो, तेव्हा ती ज्या पोर्टातून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून स्विच ती पुढे पाठवतो. लूप असेल तर तीच फ्रेम एका केबलने जाते, दुसरीने परत येते, पुन्हा पहिलीने जाते. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही, त्यामुळे ती फिरतच राहते. अशा फ्रेम साठत जातात, केबल भरून जातात, आणि कोणता मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) कोणत्या पोर्टावर आहे ही स्विचची नोंद सतत उलटसुलट होत राहते. काही सेकंदांत सगळं नेटवर्क ठप्प. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात, आणि लूपमधली एक केबल उपटेपर्यंत तो सहसा थांबत नाही.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला: स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, म्हणजे एसटीपी. १९९० मध्ये तो मानकं ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आला. कल्पना सुंदर आहे. सगळे स्विच मिळून एकाला मूळ मानतात, तो रूट ब्रिज. मग प्रत्येक स्विच रूटकडे जाणारा सर्वांत स्वस्त रस्ता चालू ठेवतो आणि लूप करणारे जास्तीचे रस्ते अडवून ठेवतो. केबल लावलेलीच असते, पोर्टाचा दिवाही लागलेला असतो, पण त्यातून वाहतूक जात नाही. चालू रस्ता पडला की अडवलेला उघडतो.

हे सगळं बीपीडीयू नावाच्या छोट्या संदेशांवर चालतं. दर २ सेकंदांनी ते येत राहतात. जुन्या एसटीपीत बीपीडीयू यायचे थांबले तर स्विच २० सेकंद वाट पाहतो, मग नवा पोर्ट उघडण्याआधी १५ सेकंद नुसतं ऐकतो आणि आणखी १५ सेकंद पत्ते शिकतो. एकूण ५० सेकंद. स्विचची स्वतःचीच केबल तुटली असेल तर पहिले २० सेकंद वाचतात, तरी ३० उरतातच. तेवढ्या वेळात फोनवरचं बोलणं तुटतं आणि सर्व्हरशी जोडलेले प्रोग्राम हात टेकतात.

म्हणून २००१ मध्ये रॅपिड स्पॅनिंग ट्री, आरएसटीपी, आला. त्याचं मानक ८०२.१डब्ल्यू. २००४ च्या ८०२.१डीमध्ये त्याने जुन्या एसटीपीची जागाच घेतली. यात राखीव पोर्ट आधीपासून ठरलेला असतो. मुख्य अपलिंकचा पोर्ट पडला की राखीव पोर्ट लगेच उघडतो, बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत. केबल जिवंत दिसते पण बीपीडीयू येत नाहीत अशा वेळी सलग तीन संदेश चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की स्विच तो रस्ता मेला असं मानतो. आज नवीन नेटवर्कमध्ये जुना एसटीपी ठेवण्याला मला एकही कारण दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: मधे एखादा जुना, फक्त एसटीपी बोलणारा स्विच असेल तर त्याच्याकडच्या पोर्टावर आरएसटीपीही जुन्याच गतीने चालतो.

स्पॅनिंग ट्रीत हाताने ठरवायच्या गोष्टी

रूट कोण व्हावा हे स्विचांवर सोडू नका. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मूळात ३२७६८ असते. सगळ्यांची सारखी असली की ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो रूट होतो. लहान मॅक पत्ता बऱ्याचदा सर्वांत जुन्या स्विचचा असतो, म्हणजे कोपऱ्यात पडलेला सर्वांत अशक्त स्विच अख्ख्या नेटवर्कचा केंद्रबिंदू होऊन बसतो. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीत बदलते आणि लहान आकडा जिंकतो. मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ द्या. मग रूट गेला तरी पुढचा कोण हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट एज पोर्टाची. तिच्याकडे दुर्लक्ष होतं म्हणून जरा थांबून सांगतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा जोडलेल्या पोर्टांना एज पोर्ट म्हणून जाहीर करायचं असतं. स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या भाषेत पोर्टफास्ट. बहुतेकांना वाटतं की यामुळे कॉम्प्युटर चालू केल्यावर नेट लवकर मिळतं, एवढाच फायदा. पण तुटलेली अपलिंक दुरुस्त होऊन परत जोडली जाते त्या क्षणाचा विचार करा. वरचा स्विच खालच्याला विचारतो, मी हा रस्ता उघडू का? होकार देण्यापूर्वी खालचा स्विच लूप होऊ नये म्हणून आपले एज नसलेले खालचे पोर्ट तात्पुरते बंद करतो आणि त्या प्रत्येक पोर्टावर हाच प्रश्न पुढे विचारतो. तिकडे स्विच असेल तर लगेच उत्तर येतं. तिकडे कॉम्प्युटर असेल तर तो काहीच बोलत नाही, कारण त्याला ही भाषाच येत नाही. मग तो पोर्ट १५ अधिक १५ सेकंद थांबतो. म्हणजे केबल तुटली तेव्हा कुणाला जाणवलंही नाही, आणि दुरुस्त झाली तेव्हा सगळे अर्धा मिनिट बंद पडले. एज पोर्ट नीट जाहीर केले की हे टळतं. त्यासोबत बीपीडीयू गार्ड चालू ठेवा, म्हणजे त्या पोर्टाला कुणी चुकून स्विच लावला तर पोर्ट बंद होईल.

आणि पत्त्यांच्या नोंदी. अमुक मॅक पत्ता अमुक पोर्टावर ही नोंद स्विच साधारणपणे ३०० सेकंद ठेवतो. रस्ता बदलला आणि नोंद जुनीच राहिली तर फ्रेम मेलेल्या दिशेलाच जात राहतील. स्पॅनिंग ट्री रस्ता बदलल्याची सूचना सगळीकडे पाठवून जुन्या नोंदी पुसायला लावतो. नवा रस्ता उघडणं आणि तो बदलल्याचं इतरांना कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं राहून गेलं तर पहिल्याचा उपयोग होत नाही.

दोन्ही केबल एकाच वेळी वापरायच्या असतील तर

स्पॅनिंग ट्रीत दुसरी केबल रिकामी बसून असते. दोन्हीचा उपयोग व्हावा यासाठी लिंक अ‍ॅग्रिगेशन आहे: अनेक केबल मिळून एकच दोर वळावा तशी एक लिंक तयार होते, आणि स्पॅनिंग ट्रीलाही ती एकच दिसते. त्यासाठी दोन टोकांच्या स्विचमध्ये बोलणी करणारा प्रोटोकॉल म्हणजे एलएसीपी. २००० मध्ये तो ८०२.३एडी म्हणून आला आणि २००८ पासून त्याचं मानक ८०२.१एएक्स आहे. एक केबल तुटली तर तिच्यावरची वाहतूक उरलेल्यांवर जाते. स्पॅनिंग ट्रीला याची खबरसुद्धा लागत नाही, त्यामुळे वरच्या नेटवर्कमध्ये काहीच हलत नाही. दोन स्विचमध्ये दोन केबल टाकणार असाल तर माझा कल कायम एलएसीपीकडे असतो.

कोणती फ्रेम कोणत्या केबलने जाणार हे मॅक पत्ते, आयपी पत्ते, पोर्ट क्रमांक यांवरून गणिताने काढलेल्या एका आकड्यावर, म्हणजे हॅशवर ठरतं. एका संभाषणातल्या सगळ्या फ्रेम एकाच केबलने जातात, नाहीतर त्यांचा क्रम बिघडला असता. म्हणून १ गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या तरी एकच मोठी फाइल उतरवताना वेग १ गिगाबिटच मिळतो. संभाषणं अनेक असली तरच दोन्ही केबल भरतात.

एलएसीपीचे दोन मोड आहेत, अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह. दोन्ही टोकांना पॅसिव्ह ठेवलं तर बोलणी सुरूच होत नाहीत. दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्ह ठेवा. तिसरा पर्याय बिनबोलणीचा, अनेक स्विचवर त्याचं नाव ऑन. तो शक्यतो टाळा. त्यात समोरच्या टोकाची काहीच शहानिशा होत नाही. केबल चुकीच्या स्विचला लागली किंवा समोरचं कॉन्फिगरेशन उडालं तरी हा स्विच अर्धी वाहतूक तिकडे ढकलत राहतो.

एलएसीपीचे संदेश मंद गतीत दर ३० सेकंदांनी आणि जलद गतीत दर सेकंदाला जातात. तीन चुकले की लिंक बाद. म्हणजे मंद गतीत ९० सेकंद, जलद गतीत ३. केबल सरळ तुटली तर या आकड्यांची गरजच पडत नाही, पोर्ट पडल्याचं स्विचला लगेच कळतं. हे आकडे कामी येतात ते केबल अर्धी मेलेली असताना. त्याकडे येतोच, पण त्याआधी क्षमतेचा हिशोब करा. दोन केबल प्रत्येकी ७० टक्के भरलेल्या असतील तर एक तुटल्यावर दुसरीवर १४० टक्के बोजा येईल. फेलओव्हर तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला तरी वापरणाऱ्यांसाठी नेटवर्क बंदच. एक केबल गेली तरी उरलेल्यांना पेलेल एवढीच रोजची वाहतूक असायला हवी.

दोन्ही केबल वरच्या एकाच स्विचला गेल्या असतील तर तो स्विच बंद पडल्यावर दोन्ही निरुपयोगी. म्हणून एक केबल वरच्या एका स्विचला आणि दुसरी दुसऱ्याला न्यायची, आणि ते दोघे खालच्याला एकच स्विच वाटतील अशी व्यवस्था करायची. एकतर ते स्टॅक करायचे, म्हणजे जोडून त्यांचा एकच स्विच करायचा, नाहीतर एमलॅग करायचं, म्हणजे स्विच वेगळेच ठेवून दोघांनी मिळून एक लिंक सांभाळायची. सिस्कोच्या नेक्ससमध्ये याला व्हीपीसी म्हणतात, ज्युनिपरमध्ये एमसी-लॅग. पद्धती कंपनीगणिक वेगळ्या, त्यामुळे जोडीतले दोन्ही स्विच एकाच कंपनीचे घ्यावे लागतात. खालच्या स्विचला मात्र साधा एलएसीपी पुरतो.

एमलॅगमधला खरा धोका त्या दोघांमधल्या जोडलिंकचा. ती तुटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात. म्हणून दोघांमध्ये कीपअलाइव्हसाठी, म्हणजे मी जिवंत आहे या संदेशासाठी, एक वेगळा, स्वतंत्र रस्ता ठेवायचा. जोडलिंक गेली पण कीपअलाइव्ह येतोय याचा अर्थ दुसरा जिवंत आहे. मग दुय्यम स्विच आपले एमलॅगचे पोर्ट स्वतःहून बंद करतो. कीपअलाइव्ह जोडलिंकच्याच केबलमधून नेला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

अर्धी मेलेली लिंक

तुटलेली केबल हा सोपा रोग. सिग्नल जातो, पोर्ट पडतो, दिवा विझतो. फायबरवर हे काही मिलिसेकंदांत कळतं. तांब्याच्या गिगाबिट केबलवर लिंक गेल्याचं ठरवायला पाऊण सेकंदापर्यंत लागू शकतो. पण पोर्टाचा दिवा लागलेला आहे आणि वाहतूक जात नाही, हा रोग फार वाईट.

फायबरमध्ये पाठवण्याची एक आणि ऐकण्याची एक अशा दोन वेगळ्या तारा असतात. त्यातली एकच बिघडली तर एका बाजूला ऐकू येतं आणि दुसऱ्या बाजूला येत नाही. किंवा मधे मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारं उपकरण) असतो, नाहीतर सेवा पुरवणाऱ्या कंपनीचं उपकरण. त्याच्या पलीकडची केबल तुटली तरी अलीकडचा पोर्ट मजेत चालू दिसतो, कारण स्विचची केबल त्या उपकरणापर्यंतच आहे आणि ती शाबूत आहे.

अशा वेळी स्पॅनिंग ट्रीचा विमा स्वतःच अपघात घडवतो. अडवून ठेवलेला पोर्ट अडवलेला राहतो तो समोरून बीपीडीयू येत राहतात म्हणून. ऐकण्याची तार तुटली की बीपीडीयू थांबतात. स्विच समजतो की समोर आता कुणी नाही, पोर्ट उघडायला हरकत नाही. पाठवण्याची तार शाबूत असल्याने लूप तयार होतो आणि स्टॉर्म सुरू. हे टाळण्यासाठी लूप गार्ड आहे: बीपीडीयू येणं अचानक थांबलं तर पोर्ट उघडायचा नाही, अडवूनच ठेवायचा. सिस्कोचा यूडीएलडी दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख परत बोलून दाखवायला लावतो आणि उत्तर आलं नाही तर लिंक संशयास्पद ठरवतो. मधे कन्व्हर्टर असेल तर लिंक-फॉल्ट-पास-थ्रू असलेला घ्या. एका बाजूचा सिग्नल गेला की तो दुसऱ्या बाजूचाही बंद करतो. एलएसीपी जलद गतीवर असेल तर असा रस्ता ३ सेकंदांत बाद होतो. राउटिंग चालणाऱ्या अपलिंकवर बीएफडी लावा, म्हणजे समोरचं टोक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल. २०१० मध्ये आरएफसी ५८८० ने त्याचं मानक ठरवलं. ५० मिलिसेकंदांच्या अंतराने संदेश आणि तीन चुकले की बाद असं ठेवलं तर १५० मिलिसेकंदांत निकाल लागतो.

खाली कळवायचं कसं

एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड आहेत. एक पहिल्या स्विचला, दुसरं दुसऱ्याला, आणि सर्व्हर सध्या पहिलं वापरतोय. पहिल्या स्विचची अपलिंक तुटली. स्विचला ते लगेच कळलं, पण त्याच्याकडे दुसरा रस्ता नाही. सर्व्हरला काय दिसतं? त्याच्यापासून पहिल्या स्विचपर्यंतची केबल ठणठणीत, दिवा चालू. तो निवांतपणे सगळी वाहतूक तिकडेच पाठवत राहतो आणि स्विच ती टाकून देत राहतो. सगळे भाग सुस्थितीत, दुसरं कार्ड तयार, तरी सेवा बंद.

उपाय सरळ आहे: स्विचने आपली अपलिंक गेल्यावर सर्व्हरकडचे पोर्ट मुद्दाम पाडायचे. सिस्कोमध्ये याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतात, इतर काही कंपन्या अपलिंक फेल्युअर डिटेक्शन म्हणतात. एका गटात अपलिंक आणि त्यांवर अवलंबून असलेले खालचे पोर्ट घालायचे. गटातल्या सगळ्या अपलिंक पडल्या की खालचे पोर्ट पडतात, सर्व्हरला केबल गेल्यासारखं वाटतं आणि तो दुसऱ्या कार्डावर जातो. अपलिंक परत आल्यावर मात्र पोर्ट लगेच उघडू नका, थोडा उशीर ठेवा. वरचं राउटिंग जमायच्या आत सर्व्हर परत आला तर पुन्हा तीच बंद गल्ली. आणि ज्या उपकरणाला दुसरं कार्डच नाही त्याचा पोर्ट या गटात घालू नका. शेजाऱ्यांशी असलेला त्याचा संबंधही तुटेल.

हीच चूक गेटवेवर, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दारावरही होते. दोन राउटर किंवा दोन लेअर ३ स्विच (राउटिंगही करणारे) व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने एकच आभासी गेटवे पत्ता सांभाळतात. मुख्य असलेला दर सेकंदाला मी आहे असं सांगतो. तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ आवाज आला नाही की दुसरा ताबा घेतो. पण हा आवाज लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या बाजूला जातो. मुख्य राउटरची बाहेरची अपलिंक तुटली तरी लॅनमध्ये तो मी आहे म्हणतच राहतो. म्हणून त्याला अपलिंकवर नजर ठेवायला लावायचं आणि ती पडली की त्याची प्रायॉरिटी कमी करायची. इथे आकड्यांचा हिशोब करूनच कॉन्फिगरेशन लिहा. मुख्य ११०, राखीव १००, आणि कपात २० ठेवली तर मुख्य ९० वर येतो आणि ताबा बदलतो. कपात ५ ठेवली तर तो १०५ वर राहतो आणि काहीच होत नाही, जरी कॉन्फिगरेशन वाचताना सगळं बरोबर दिसतं. सिस्कोच्या एचएसआरपी या अशाच प्रोटोकॉलमध्ये प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्रायॉरिटीवाल्याने ताबा खेचून घेण्याचा पर्याय, मूळात बंद असतो. तो दोघांवरही चालू करावा लागतो, नाहीतर कपात होऊनही राखीव पुढे येत नाही.

तपासणी

कॉन्फिगरेशनमधून शटडाउनची आज्ञा देऊन पाहणं ही पुरेशी चाचणी नाही, कारण ती फक्त स्वच्छ मरण दाखवते. वापर कमी असलेली वेळ निवडा, स्विचपर्यंत पोहोचण्यासाठी कन्सोलची केबल हाताशी ठेवा आणि प्रत्यक्ष केबल काढा. मग वरच्या स्विचची वीज काढा. फायबर असेल तर दोन तारांपैकी एकच काढून पाहा. लूप गार्ड आणि यूडीएलडीची खरी परीक्षा तिथेच होते. या सगळ्या वेळात खालच्या एका कॉम्प्युटरवरून सेकंदाला १० पिंग (उत्तर मागणारे छोटे संदेश) चालू ठेवा. हरवलेल्या पिंगांची संख्या गुणिले १०० मिलिसेकंद म्हणजे खंडाचा अंदाज. केबल परत लावतानाही मोजा, कारण परतीच्या वेळचा खंड बऱ्याचदा जाण्याच्या वेळेपेक्षा मोठा निघतो.

दोन्ही केबल एकाच पाइपातून जातात का, एकाच मॉड्यूलमध्ये लागल्या आहेत का, दोन्ही वरचे स्विच एकाच वीजजोडणीवर आहेत का, हे कागदावर न पाहता जागेवर जाऊन पाहा.

राखीव लिंकवर स्वतंत्र अलार्म लावा. मुख्य लिंक पडली की लोक ओरडतात, राखीव पडली तर कुणीच ओरडत नाही, आणि ती महिनोन्‌महिने मेलेली राहू शकते. तिच्या पोर्टाचे सिस्लॉग आणि एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे स्विच स्वतःहून पाठवतो त्या सूचना, कुणाच्या तरी नजरेसमोर यायला हवेत. अडवलेल्या लिंकवर वाहतूक नसल्याने तिच्यातले दोष चुकलेल्या फ्रेमच्या आकड्यांत फारसे उमटत नाहीत, म्हणून फायबर असेल तर येणाऱ्या प्रकाशाची पातळी ठरावीक काळाने नोंदवत जा आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहा. स्विचचं फर्मवेअर बदललं की केबल काढून बघण्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा.